कपलर बसला तरी सेन्सर बसतोच असं नाही

शेगावात ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करणाऱ्याकडे गाडी कुठूनही येते. प्रगट दिनाला, रामनवमीला, ऋषिपंचमीला गावात गाड्यांची रीघ लागते. अकोल्याची, जळगावची, नांदेडची, बऱ्हाणपूरची. त्यातली एखादी पार्किंगमध्येच बंद पडते, आत म्हातारी माणसं आणि लेकरं बसलेली असतात, आणि मालकाला रात्रीच्या आत घर गाठायचं असतं. बाकीच्या दिवसांत आपली नेहमीची गिऱ्हाइकं : शेतावर जाणारी जिप्सी, पोरांना शाळेत सोडणारी ओम्नी, खामगावच्या बाजारात माल नेणारा छोटा टेम्पो.

यांतल्या कित्येक गाड्यांचं इंजिन आता दुसऱ्याच गाडीचं असतं. १ एप्रिल २००० ला प्रदूषणाचे नवे नियम आले आणि कारमधला कार्ब्युरेटर गेला, एमपीएफआय आलं. त्या काळातल्या गाड्यांची इंजिनं आता दमली आहेत. जुनं इंजिन बोअर करण्यापेक्षा भंगारातून चांगलं इंजिन आणून चढवणं लोकांना परवडतं. शिवाय हौस असतेच. कार्ब्युरेटरवाल्या जिप्सीला एस्टीमचं एमपीएफआय इंजिन बसवून द्या, असं म्हणणारी पोरं दरवर्षी येतात. दोन्ही इंजिनं १२९८ सीसीची. एक आठ व्हॉल्व्हचं जी१३बीए, दुसरं सोळा व्हॉल्व्हचं जी१३बीबी. पुढे जिप्सीलाही कंपनीने हेच जी१३बीबी दिलं, त्यामुळे लोखंड लोखंडाला जुळतं. खरी परीक्षा सेन्सरची असते. या कामात जे उमगलं ते नव्या मिस्त्र्यांसाठी इथे मांडतो.

१. आटे जुळले, कपलर जुळला, तरी रेझिस्टन्स मोजा.

जानेवारीत एक ओम्नी आली. मालक जवळच्याच खेड्यातले, दुधाचा धंदा. म्हणाले, "भाऊ, सकाऊन गाडी उठतच नाई. दुपारी मात्र एका सेल्फात चालू. काहून असं होते?" प्लग काढले तर काळेभोर आणि पेट्रोलने ओले. स्कॅनर लावला. इंजिन रात्रभर उभं, भिंतीवरचं थर्मामीटर दहाच्या आसपास, हवेचा सेन्सरही दहाच दाखवतोय, आणि कूलंट सेन्सर सांगतोय १ अंश! शेगावात पाणी गोठायला आलं असं ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटत होतं, म्हणून ते बिचारं पेट्रोल ओतत होतं.

इंजिन बदलताना आधीच्या कुणीतरी तुटलेल्या सेन्सरच्या जागी दुसरा लावला होता. आटे तेच, एम१२ बाय दीड. कपलर वेगळा होता म्हणून तो कापून जोडला होता. पण आतला थर्मिस्टर वेगळ्या जातीचा. मारुतीच्या त्या काळच्या सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम असतो. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरचाही तेवढाच. जनरल मोटर्सच्या गाड्यांत येणाऱ्या डेल्फाय पद्धतीच्या सेन्सरचा त्याच तापमानाला साडेतीन हजार. १० अंशांना पहिला ३८०० च्या आसपास, दुसरा ५६०० च्या पुढे. आणि मारुतीच्या ईसीएमच्या हिशोबात ५६०० म्हणजे जवळजवळ शून्य अंश.

आता गंमत बघा. ८० अंशांना हे दोन्ही सेन्सर ३२०-३३० ओहमवर येतात. म्हणजे गरम इंजिनावर दोघांत फरकच दिसत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पहाटेही गारवा नसतो, तेव्हाही फरक थोडाच पडतो. म्हणून असा चुकीचा सेन्सर उन्हाळाभर गुपचूप चालतो आणि थंडी पडली की मालकाला छळतो. मधल्या काळात ॲव्हरेज का पडलं ते कुणालाच कळत नाही.

यावर माझी तपासणी साधी आहे. रसवंतीवरून बर्फ आणायचा, स्टीलच्या ग्लासात पाण्यात कुटून टाकायचा, सेन्सरचं टोक त्यात बुडवून मल्टिमीटर लावायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. बॉश किंवा मारुती घराण्याचा असेल तर ५८००-५९०० दाखवेल, डेल्फायचा असेल तर ९४०० च्या आसपास. उकळतं पाणी इथे उपयोगाचं नाही. १०० अंशांना एक १८५ दाखवतो, दुसरा १७५, आणि एवढ्याशा फरकावरून जात ओळखता येत नाही. बर्फ लगेच सांगतो.

जाता जाता एक सांगून ठेवतो. जुन्या मारुतींच्या इंजिनावर पाण्याचे दोन सेन्सर असतात. एका वायरचा डॅशबोर्डच्या काट्यासाठी, दोन वायरींचा ईसीएमसाठी. काटा बरोबर दाखवतो म्हणून ईसीएमचा सेन्सरही बरोबर असेल, असं धरून चालू नका.

२. आधी चिंधी घ्या आणि नंबर पुसून वाचा.

सेन्सरच्या अंगावरचा नंबर ही त्याची जन्मकुंडली आहे. बॉशचा माल ० २५८ ने सुरू झाला तर तो ऑक्सिजन सेन्सर. ० २६१ म्हणजे पेट्रोल गाडीचा इलेक्ट्रॉनिक माल, ० २८१ म्हणजे डिझेलचा. हा एक आकडा ओळखता आला तरी निम्मे घोळ टळतात, कारण दोन्हींचे मॅप सेन्सर वरून अगदी जुळ्या भावांसारखे दिसतात. मारुतीच्या नंबरात पहिले पाच आकडे वस्तूचं काम सांगतात : १३६५० कूलंट सेन्सर, १८५९० मॅप, १३४२० थ्रोटल, ३३२२० क्रँक किंवा कॅम, १८२१३ ऑक्सिजन. नंतर 'एम' आणि मग कोणत्या मॉडेलसाठी बनवला त्याचा कोड. ह्युंदाईतही तशीच शिस्त आहे. ३९१८० क्रँक, ३९३५० कॅम, ३९२२० कूलंट, ३९३०० मॅप. पहिले पाच आकडे जुळले म्हणजे काम तेच, एवढाच अर्थ घ्यायचा. पुढचे आकडे वेगळे असतील तर मोजल्याशिवाय लावायचा नाही.

भंगारात बऱ्याचदा नंबर घासलेला असतो. तिथे मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघा, उठाव दिसतो. तरीही वाचता आला नाही तर दुसरा तुकडा शोधा.

३. इंजिनाबरोबर त्याचा सगळा गोतावळा आणा.

मुंबईत कुर्ल्याला, दिल्लीत मायापुरीला जुनी इंजिनं मिळतात. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाल्यापासून तिकडून चांगला माल येतो. पण विकणारा इंजिन उचलून देतो आणि वायरिंग कपलरपाशी कापतो. असं इंजिन स्वस्त पडलं तरी शेवटी महागच जातं.

माझा आग्रह असा : इंजिन, ईसीएम, हार्नेस, थ्रोटल बॉडी आणि सगळे सेन्सर एकाच गाडीचे घ्या. हार्नेस कापावाच लागला तर कपलरपासून वीतभर नाही, हातभर मागे कापा. वायरचा रंग आणि पट्टा दोन्ही दिसले पाहिजेत. इमोबिलायझरवाली गाडी असेल, म्हणजे मारुतीत आयकॅट्सवाली, तर त्याच गाडीची चावी आणि इमोबिलायझरचा डबाही हवा. त्याशिवाय सगळे सेन्सर ठणठणीत असूनही इंजिन पेटणार नाही आणि तुम्ही सेन्सर बदलत बसाल.

कार्ब्युरेटरच्या गाडीला हे इंजिन लागत असेल तर पेट्रोल पंप विसरू नका. कार्ब्युरेटरला पाव-अर्धा बार दाब पुरतो, इंजेक्शनला तीन बारच्या आसपास लागतो. जुना पंप ठेवून सेन्सर तपासत बसण्यात दिवस जातो.

सेन्सर आणि ईसीएम यांचं नातं वजन आणि तराजूचं आहे. मार्केट यार्डात तराजू किलोचा आणि वजनं पौंडाची ठेवली तर काटा मधोमध थांबेल, पण हिशोब बुडेल. दोन्ही एका मापाचे असतील तरच तोलाला अर्थ.

४. क्रँक सेन्सरच्या बाबतीत अंदाज चालत नाही.

कूलंट सेन्सर चुकला तर गाडी रडत का होईना चालते. क्रँक सेन्सर चुकला तर ठिणगीच पडत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या वेळी पडते.

हे सेन्सर दोन जातीचे. एक चुंबक आणि कॉइलचा. त्याला दोन वायरी लागतात, बाहेरून करंट द्यावा लागत नाही, दात समोरून गेला की तो स्वतःच व्होल्टेज निर्माण करतो. दुसरा हॉल जातीचा, तीन वायरींचा : करंट, अर्थ आणि सिग्नल. पण नुसते पिन मोजून जात ठरवू नका. कॉइलवाल्यालाही कधी तिसरी पिन असते, ती वायरवरच्या जाळीची. मल्टिमीटर लावा. दोन पिनांत काहीशे ओहमपासून दोन-अडीच हजारांपर्यंत रेझिस्टन्स मिळाला आणि तिसरी पिन कशालाच लागत नसेल तर तो कॉइलवाला. हॉलवाल्याला ओहमवर तपासायचं नसतं. त्याला करंट द्या, समोर पाना आणा-न्या आणि सिग्नल वर-खाली होतो का ते बघा. कॉइलच्या ईसीएमला हॉल सेन्सर किंवा हॉलच्या ईसीएमला कॉइल सेन्सर लावून काम होत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

कॉइलवाल्याच्या दोन वायरी उलट्या जोडल्या तर इंजिन चालूसुद्धा होतं. पण ईसीएमला दाताची चुकीची कड दिसते, टायमिंग सरकतं, वेग वाढवला की इंजिन तुटक तुटक पळतं. अशा गाडीचे प्लग बदलून झालेले असतात, इग्निशन कॉइल बदलून झालेली असते. दोन वायरींची अदलाबदल केली की आजार जातो.

आणि सेन्सरच्या समोरची दात्यांची चकती! बॉशच्या पद्धतीत बहुतेकदा ६० दात्यांची, दोन गाळलेली. प्रत्यक्ष दात ५८, एक दात म्हणजे ६ अंश. टोयोटाच्या बऱ्याच इंजिनांत ३६ वजा २, एक दात म्हणजे १० अंश. ईसीएम एका चकतीसाठी शिकलेलं असेल आणि इंजिनावर दुसरी असेल, तर जगातला कोणताही सेन्सर आणून उपयोग नाही. चकती बदला किंवा ईसीएम.

कॉइल जुनी झाली की गरम झाल्यावर आतून तुटते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. मे महिन्यात खामगाव रोडवर बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप चालू होणाऱ्या गाडीत मी पहिला हात इथेच घालतो. बंद पडल्या पडल्या रेझिस्टन्स मोजला तरच सापडतं. टो करून गॅरेजला आणेपर्यंत सेन्सर गार होऊन शहाणा झालेला असतो.

५. मॅप सेन्सरला आपल्या गावची हवा विचारा.

मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब सांगतो. इंजिन बंद आणि चावी ऑन असताना तिथे बाहेरचीच हवा असते, त्यामुळे त्याला पकडण्याची हीच वेळ. शेगाव समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आत. हवेचा दाब ९८ किलोपास्कलच्या आसपास. इथे जनरल मोटर्स पद्धतीचा एक बारचा सेन्सर साधारण पावणेपाच व्होल्ट देतो. सुझुकीच्या पुस्तकात त्यांच्या सेन्सरसाठी सखल भागात ३.३ ते ४.३ व्होल्ट दिलेले आहेत. तीन पिना दोघांनाही, करंट पाचच व्होल्टचा दोघांनाही. सुझुकीच्या ईसीएमला पहिला सेन्सर लावला तर प्रत्यक्षापेक्षा जास्त हवा आहे असं त्याला कळेल आणि ते जास्त पेट्रोल देईल. आणि टर्बो डिझेलचा अडीच बारचा सेन्सर त्याच हवेत दोन व्होल्टच्या आतच राहतो. चार पिनांच्या बॉश सेन्सरमध्ये दाब आणि हवेचं तापमान दोन्ही असतात. तिथे तर ० २६१ आणि ० २८१ मधला फरक डोळ्यांत तेल घालून बघायचा.

कुणी चिखलदऱ्याला जाणार असेल तर मी स्कॅनर सोबत द्यायला तयार असतो. तो गाव अकराशे मीटरवर, दाब ८९ च्या आसपास. वर पोचून चावी ऑन केल्यावर आकडा खाली आला, म्हणजे सेन्सर श्वास घेतोय. घाट चढूनही आकडा जिथे होता तिथेच असेल तर सेन्सर मेलेला आहे, मग सपाटीवर कितीही बरा वागो.

६. ऑक्सिजन सेन्सरमध्ये रंगावर विश्वास ठेवू नका.

हे मी प्रत्येक शिकाऊ पोराला आधी दाखवतो, कारण यात माल जळतो. बॉशच्या चार वायरींत दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, राखाडी सिग्नलच्या अर्थची. डेन्सोच्या बऱ्याच सेन्सरमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी अर्थची. आता काळ्याला काळी आणि पांढऱ्याला पांढरी जोडून बघा काय होतं! बॅटरीचा करंट सरळ ईसीएमच्या सिग्नल पिनेत. सेन्सर तर जातोच, ईसीएमही जाऊ शकतं.

ओळखायची खूण सोपी आहे. एकाच रंगाच्या ज्या दोन वायरी असतील त्या हीटरच्या. मल्टिमीटरने खात्री करा, त्यांच्यात थोडेच ओहम मिळतील. उरलेल्या दोन सिग्नलच्या.

वायर जोडताना सोल्डर करू नका, क्रिंप करा. हा सेन्सर बाहेरच्या हवेशी तुलना करून काम करतो आणि अनेक सेन्सरमध्ये ती हवा वायरीच्या तारांमधूनच आत जाते. सोल्डरने ती वाट बुजते.

चालू इंजिनावर साध्या झिरकोनिया सेन्सरचा सिग्नल ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये नाचला पाहिजे. जुन्या काही गाड्यांत टायटॅनिया जातीचे आहेत, नव्यांत वाइडबँड. आटे तिघांचेही जुळू शकतात, कामं जुळत नाहीत.

अलीकडे आणखी एक प्रकार दिसतो. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुन्या इंजिनांवर मिश्रण पातळ असल्याचा पी-०१७१ कोड जास्त येतो. शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनामागे १४.७ भाग हवा लागते, या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास. ईसीएम पेट्रोल वाढवत जातं, मर्यादा संपली की लाइट लावतं. ऑक्सिजन सेन्सर खरं बोलल्याबद्दल त्याला फेकून देऊ नका. आधी इंजेक्टर, फिल्टर आणि पंपाचा दाब बघा.

७. थ्रोटल सेन्सर कोणत्या बाजूला फिरतो ते बघा.

बंद असताना अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर साडेचार. उलट्या दिशेने फिरणारा लावला की आकडे उलटे येतात. चार पिना असतील तर एक आयडलची स्वीच असते. हळूहळू फिरवत मधे कुठे आकडा उडी मारतो का ते बघा. बस.

८. नॉक सेन्सरखाली वॉशर घालू नका.

रंग खरवडून, स्वच्छ लोखंडावर, बॉशच्या गोल सेन्सरला २० न्यूटन-मीटरच्या आसपास कसा. दुसऱ्या इंजिनाचा लावू नका. ठोक्याची कंपनसंख्या सिलिंडरच्या व्यासावर ठरते.

९. निम्मे 'खराब' सेन्सर अर्थिंगमुळे खराब असतात.

इंजिन चढवलं की इंजिनापासून बॉडीपर्यंतची अर्थची पट्टी लावायची राहून जाते. गाडी तरीही चालू होते. कशी? सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर केबलला हात लावून बघा, गरम लागली तर पट्टी लावलेली नाही. अशा गाडीत हेडलाइट लावली की सगळ्या सेन्सरचे आकडे सरकतात.

इंजिन चालू ठेवा, लाइट आणि पंखा लावा, आणि सेन्सरच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा. ०.०५ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.१ च्या वर गेलं तर सेन्सरला दोष देण्याआधी अर्थ साफ करा. एकाच वेळी तीन-चार सेन्सरचे कोड आले तर समजा की पाच व्होल्टचा सामाईक करंट बसला आहे. एकेक कपलर काढत जा. जो काढल्यावर पाच व्होल्ट परत येतील, तोच सगळ्यांना खाली ओढत होता.

१०. काही ठिकाणी अदलाबदलीचा विचारच सोडा.

हवा मोजणारा एअर मास सेन्सर त्याच्या नळीसह एक वस्तू आहे. नळीचा व्यास बदलला की त्याचा हिशोब बदलतो, म्हणून आतली पट्टी काढून दुसऱ्या नळीत घालू नये. वाइडबँड सेन्सर ज्या कंट्रोलरसाठी बनला त्याच्याशीच बोलतो. आणि बीएस-६ नंतरच्या, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या काही गाड्यांत सेन्सर व्होल्टऐवजी डिजिटल ठोके पाठवतात. तिथे मल्टिमीटर एक मधलाच आकडा दाखवत राहतो आणि सेन्सर मेला असं वाटतं. ऑसिलोस्कोप नसेल तर ते काम घेऊ नये, गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगावं.

११. पाना हातात घेण्याआधी कागद बघा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. इंजिन बदलायचं तर नोंदणी करणाऱ्या कार्यालयाची मंजुरी लागते, आणि मंजुरीविना बदललं असेल तर १४ दिवसांत कळवावं लागतं. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी दूर नेणारा बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. त्याच बनावटीचं, त्याच जातीचं इंजिन असेल तर वाट सरळ आहे. पेट्रोलच्या जागी डिझेल किंवा मनात आलं म्हणून मोठं इंजिन, हे काम मी घेत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी आरसीवरचा इंजिन नंबरच आधी तपासते, आणि तेव्हा भोगतं ते गाडीत बसलेलं कुटुंब.

विकत घेतानाच त्या इंजिनाच्या जुन्या गाडीचे कागद आणि पक्की पावती मागा. इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप उठवा आणि पावतीवरच्या नंबराशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. आपली गाडी एमएच-२८ ची, म्हणजे जायचं बुलढाण्याला. ती चक्कर आधी करा, मग गाडी घेऊन या. मंजुरीचा कागद हातात आल्याशिवाय मी इंजिनाच्या पहिल्या बोल्टाला पाना लावत नाही.